सतरा नंबरची चिठ्ठी

—मग लिहा ना, 'बाई येत नाही' असं लिहा, सिस्टर! आठ महिन्यांत तीन पत्रं, आणि आता तुम्ही स्वतः, थेट कारखान्यात! मी ठणठणीत आहे. तुमची ती स्तनतपासणीची गाडी गेटसमोर उभी राहिली त्याआधी आमच्या शिलाई खात्यात कुणाला कॅन्सर नव्हता, नंतर एकदम चार! तपासलं की सापडतो, मान्य—पण मरायच्या कमी झाल्या का बायका? ते विचारलं की म्हणता, कळायला दहा-पंधरा वर्षं लागतात. वा! आणि ती पॅकिंगवाली—सहा आठवडे झोप नाही तिला, सुया टोचल्या, आणि शेवटी काय? काही नाही! नुसतं घाबरवून सोडलंत.

आवाज कशाला खाली करू? ह्या मशीनच्या खडखडाटात कोण ऐकतंय!

आणि तुमच्या यंत्राचं कौतुक मला सांगूच नका. एकच बाई, एकच दिवस, दोन फोटो—एकावर 'दोष नाही', दुसऱ्यावर 'पुन्हा या'. ह्याला काय म्हणायचं? पहिलं पत्र आलं तेव्हाच फाडून टाकलं मी—

एकच बाई कशी म्हणजे? नव्हतेच गेले मी. झालं समाधान? तपासणीची एकही चिठ्ठी न वापरता परत यायला नको, असं साहेबांनी बजावलेलं. सुपरवायझर मी, चिठ्ठ्या वाटणारी मी—आणि मलाच त्या गाडीत चढवेना. माझी आई ह्यातच गेली, सिस्टर. मग धाकट्या जावेला पाठवलं. सकाळी तिच्या चिठ्ठीवर, दुपारी माझ्या, सतरा नंबरच्या—दुपारी फोटो काढणारी बाई बदलली होती, कुणाला पत्ता लागतोय! "ताई, तुमच्यापायी दोनदा त्या यंत्रात चेपून घेतलं हो," म्हणत हसत आली बिचारी.

पत्रांचं नाही सांगितलं तिला. काय सांगणार? तिच्या नावावर 'दोष नाही' आलेलं ना! आणि परवा म्हणाली, ताई, काखेत गाठ लागतेय हाताला—मी म्हटलं, वाकून वाकून होतं तसं, काम कर. मी म्हटलं, सिस्टर. मी!

असं बघू नका माझ्याकडे. खिडकीजवळचं तिसरं मशीन, कॉलर लावतेय ती. नाही—तुम्ही नका जाऊ, मीच सांगते तिला. तुम्ही बसा इथेच, एक शब्द बोलू नका.

अगं ए! मशीन बंद कर. इकडे ये.