हेडफोनमधल्या फुलवाती

हसणार नसाल तर सांगतो. माझे ते स्वस्तातले हेडफोन आठवतात? पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज! नेटवर कुणीतरी लिहिलं होतं, आतल्या पोकळीत कापूस भरा, आवाज भरदार होतो. आमच्या इथे न्यूझीलंडच्या लोअर हटमध्ये कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे छोट्या किराणा दुकानात, दूध-ब्रेड मिळतो, कापूस नाही. पण देव्हाऱ्याखाली आईचा डबा सापडला. ती पुण्याहून आलीय ना, महिनाभराच्या फुलवाती एकदम करून ठेवते. चांगल्या पांढऱ्या, कडक. मला वाटलं, मेणात बुडवल्यात. दोन्ही बाजूंना सहा-सहा दाबून बसवल्या.

खोटं नाही सांगत, तबला असा घुमला की मी खुर्चीतच डोलायला लागलो!

सोमवारी घरून मीटिंग. थंडी कडाक्याची, म्हणून हीटर अगदी शेजारी. दहा मिनिटांत मानेवरून काहीतरी कोमट ओघळायला लागलं. स्क्रीनवरून बॉस ओरडली, "यू ऑल राइट? तुझ्या कानातून काहीतरी गळतंय!"

माझी तंतरली. "आई, लवकर ये, माझा कान फुटलाय!"

आई धावत आली. बोट लावलं, वास घेतला. "अरे, हे तर साजूक तूप! थंडीने गोठलं होतं, ते वितळलं. माझ्या फुलवाती कुठायत?"

मी हेडफोन काढून पुढे केले.

सगळ्या मीटिंगसमोर ती म्हणाली, "लहानपणी कानात दोन थेंब तेल घालायचं, तर घर डोक्यावर घ्यायचास. आता स्वतःच्या हाताने वाटीभर तूप घातलंस!"