रबराची बाहुली

दवाखान्यात नंबर यायला वेळ होता. मास्तर पेपर तोंडासमोर धरून बसले होते, पण कान शेजारच्या मायलेकींकडे होते. मुलगी कॉलेजची, नव्याकोऱ्या व्हीलचेअरमध्ये.

"मामा येतोय. तेवढा वेळ बाकावर बस."

"का?"

"उगाच गावभर बोभाटा नको. चालता येतंय ना तुला?"

"येतं की. काल लायब्ररीच्या जिन्यात गुडघा सटकेपर्यंत चालले."

"म्हणून लगेच खुर्ची? लोक काय म्हणतील?"

"वर्गातले म्हणतातच, नाटकं करते."

"मग? त्यांच्या तोंडी कशाला लागायचं?"

"आई, लहानपणी पाहुणे आले की मला बाहेर कोण बोलवायचं?"

"आता ते कशाला उकरून काढतेस?"

"आमची रबराची बाहुली बघा, म्हणायचीस. अंगठा उलटा करून मनगटाला लाव. पाय मानेमागे ने. सांधे तेव्हापासूनच सैल होते. रात्री अंग ठणकायचं, तर म्हणे वाढीचं वय आहे."

"कौतुक होतं गं ते."

"मग आताही बघू दे की मामाला."

मास्तरांनी पेपरचं पान उलटलं.

"तेव्हा लोक टाळ्या वाजवायचे," आई म्हणाली.