खालच्या वळणावर

जमलेल्या मंडळींनो, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या माझ्या मुलींनो,

शाळेच्या या पडवीत मी रोज बोलते. आज मात्र सोमीमावशीसाठी बोलायचं आहे. सांभाळून घ्या.

सोमीमावशी आपल्या शाळेत पाणी भरायची, झाडलोट करायची. पण आपल्याला ती आठवते ती घाटाच्या तोंडाशी उभी. कोणी मुलगी सासरी निघो, कोणी शिकायला नाशिकला, मावशी तिथवर पोचवायला जायची. प्रत्येकीला एकच सांगायची, "मागं बघू नको, बाय. पाय जड होतील."

मुलगी पहिल्या वळणाआड गेली की मी परत फिरायचे. मावशी नाही. एकदा तिला विचारलं, आता काय बघतेस?

"खालच्या वळणावर परत दिसंल. बारकी दिसंल, पर दिसंल. बाई, इतकं शिकलात, उभं राहाया नाय शिकलात."

मी हसले. थांबले. आणि खरंच, खाली ओढ्यापाशी ती पोर पुन्हा दिसली. डोक्यावर गाठोडं, बोटाएवढी. बरं वाटलं. नीट चालली होती ना.

गेल्या महिन्यात मावशीच निघाली, खोडाळ्याकडच्या आपल्या पाड्यावर. ताप हटत नव्हता. न्यायला आलेला भाचा म्हणाला, डोली करू. "मेली नाय अजून," म्हणाली, आणि चालत निघाली. मी पोचवायला गेले. ती पहिल्या वळणाआड गेली, आणि मी परत फिरले. शाळा तपासायला संस्थानचे अधिकारी यायचे होते. फळा पुसायचा राहिला होता. हो, फळा.

परवा ती गेल्याचा निरोप घेऊन भाचा आला. तो समोर बसला आहे. बोलता बोलता त्याने सहज सांगितलं. खालच्या वळणावर ती थांबली. मागे वळली. साऱ्या जन्मात कोणाला वळू दिलं नाही, आणि स्वतः वळली. हा म्हणाला, चल आत्या. ती म्हणाली, "थांब जरा. वर बाई असतील."

मुलींनो, मी नव्हते.

हा म्हणतो, तिने पदर सारखा केला आणि चालू लागली. तिचा चेहरा कसा झाला होता, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. आजही नाही.

आता तिच्यासाठी सगळे उभे राहू या. डोळे मिटू नका. इथून घाटाचा रस्ता दिसतो, तिकडे बघा. आणि मी सांगेपर्यंत कोणी बसू नका. आज मला कुठेही जायचं नाही.