शिडी मीच धरली हुती

आमचं मूळ गाव दुधनीच्या पल्याड, म्हंजी घरात आईसंगं कानडी, दारात मराठी आन् राग आला की दोन्ही. सोलापुरात आलो त्याला तीस वर्सं झाली की. टॉवेलच्या कारखान्यात घडी घालायच्या कामाला लागलो, ते अजून घडीच घालतोय. काय सांगू तुमाला, माझ्या हातच्या टॉवेलानं कुटं कुटं लोकांनी तोंडं पुसली असतील, पर मला गल्लीच्या पुढं कुणी वळखत न्हाय. असू दे. तुमाला घराचं ऐकायचं हाय न्हवं?

घर कर्ज काढून बांधलं. खाली दोन खोल्या, वर एक पत्र्याची. बँकेतल्या सायबानं कर्जाच्या कागदातच घराचा विमा घातला हुता, दरसाल पैसे कापले जायचे, आन् मला वाटायचं ह्यो मी मेल्यावर मिळायचा विमा. मी हिला म्हणायचो, बघ, माझी किंमत वाढाय लागलीय. ही म्हणायची, मग मिळणार कवा? अशी आमची मंडळी.

दोन वर्सांमागं मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं. दुपारची वेळ, आमी खाली, आन् वरनं असा आवाज की कुणी भांड्यांची उतरंड ढकलून दिली. वरचे समदे पत्रे गेले, दोन तर शाळेच्या मैदानात घावले. पत्र्याखाली माणूस कुणी सापडलं न्हाय ही सिद्धरामाची कृपा. पर आमची थोरली पूजा पयल्या बाळंतपणाला महिन्याभरात यायची हुती, आन् ती खोली तिच्यासाठीच रंगवून ठेवलेली. माझ्या डोक्यात एकच, लेक येते कवा आन् डोक्यावर पत्रा येतो कवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलवल्याबिगर एक कंत्राटदार दारात. मल्लू नाव. आल्या आल्या कानडीत बोलला, मामा म्हणला, आमच्या आईच्या माहेरचं गाव त्याच्या आत्याचं सासर निघालं. मग काय हो, मी पाघळलो. घरावर कर्ज हाय का मामा? हाय म्हणलं. मग विमा असणारच, तुमी कागद आणा. तवा मला कळलं की विमा घराचा हाय, माझा न्हाय. जरा वाईटच वाटलं.

हिनं त्याला जेवायला वाढलं, कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. आन् इथंच आमचं चुकलं बगा. आमच्यात जेवून उठलेल्या माणसाला लेखी काय मागत न्हाईत. त्याच्या ताटात खडा टाकल्यावानी हुतंय ते. त्यानं मातूर हात धुतले आन् पिशवीतनं कागद काढले. विमा कंपनीशी मी बोलतो, धावपळ माझी, तुमी नुस्ती सही करा. दोन कागद लिहिलेले, तीन कोरे. पाचीवर केली. अक्षर झ्याक आलं हुतं, लाज ह्याची वाटती.

दोन दिसांनी गडी घेऊन आला, हातात घण. म्हणला, नुस्ते पत्रे गेले तर कंपनी पत्र्याचंच देणार, मागची भिंत पडली म्हणलं की पुऱ्या खोलीचं देतीया. मी म्हणलं, आरं पर भिंत तर धड हाय. तर म्हणला, मामा, सुम्म कुंद्री, म्हंजी गप बसा. मी गप तरी कुटं बसलो? त्यांची शिडी हालाय लागली, तर शिडी मीच धरली हुती. स्वतःची भिंत पाडायला स्वतःच शिडी धरलेला माणूस तुमी अजून बघितला नसंल. बघून घ्या.

ही शेजारी लसूण निवडाय गेलेली. परत आली, वर बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् लसणाची परडी दारातच ठेवून आत गेली. ती अशी आत गेली की मला जेवण जात न्हाय.

मग कंपनीकडनं नुकसान बघायला मॅडम आली. पोरगीच, पूजाएवढी. वर गेली, विटांवरनं हात फिरवला आन् मला म्हणली, काका, वाऱ्यानं भिंत पडताना घणाचे वण कसे उठले? खरं बोलावं तर क्लेम जातो, लेकीची खोली जाती. खोटं बोलावं तर... तेवढ्यात ही मागनं म्हणली, मॅडम, पत्रा वाऱ्यानं नेला, भिंत आमच्या येड्यांनी पाडली. लिहा तसंच.

मॅडमनं तसंच लिहून घेतलं. मग तिनं मल्लूनं कंपनीत दिलेले कागद दाखवले. मी सही केलेल्यात एकात लिहिलं हुतं की पैसे थेट कंत्राटदाराच्या खात्यात जावेत. मी वाचलंच न्हवतं. ती म्हणली, ह्यो कागद मी रद्द केला असं तुमच्या हातानं लिहून द्या, कोऱ्या कागदांचंबी लिहा, भिंतीचंबी खरं लिहा. खोटा क्लेम उभा राहिला असता तर पत्र्याचंबी गेलं असतं काका, वर केस.

लिहिलं. सांजच्याला मल्लू दारात, गल्ली गोळा केली. दुधनीकडचं पाणी म्हणवता मामा, आन् शब्द फिरवता? ही उंबऱ्यात उभी राहून म्हणली, भाकरी खाल्लीस त्याचं काय म्हणत न्हाय, पर भिंत खाल्लीस ती पचायची न्हाय, नीघ. गेला.

पत्र्याचं तेवढं मंजूर झालं, तेबी यायला चार महिने. पूजा आली, खालच्या खोलीत बाळंतीण निजवली, आमी दोघं सैपाकघरात, पाय दाराबाहीर. लेक म्हणायची, आप्पा, मला हितंच बरं वाटतंय, चढायला नको. ती खोटं बोलती हे मला कळत हुतं. पूजा नातवाला घेऊन सासरी गेली आन् मग वर पत्रा चढला.

भिंत त्याच्या आधी मीच रचली, रविवारी रविवारी. गिलावा अजून न्हाय, जरा तिरकीच हाय, पर उभी हाय. नातू आईसंगं सणाला येतो, वरच्या खोलीत नुस्ता पळतो. मी दमलोय आता, भांडायचं बळ न्हाय. गल्लीत कुणाचं काय उडालं की जाऊन माझी गोष्ट सांगतो तेवढं, लोक हसतात, हसू देत.

तुमच्या घराला वारं लागू नये बाबा, हीच इच्छा. आन् लागलंच, तर पयला फोटो काढा, मग कंपनीला फोन करा, आन् मग निवांत रडा.