सरपंचांनी पाडलेलं विमान

सावद्याच्या बसच्या रांगेत ललिताच्या पुढे दोघं बोलत उभे होते.

"नाना, तुमचं थर्माकोलचं लढाऊ विमान पडलं म्हणे?"

"रिमोटचा सिग्नल तुटला अन् सरपंचांच्या केळीत कोसळलं."

"मग?"

"मी पोहोचेस्तोवर गावभर बोंब, शत्रूचं विमान आलं! सरपंच म्हणे, मीच गोफणीनं पाडलं."

"थर्माकोलचं आहे, हे सांगितलं नाही?"

"सांगितलं ना! तर म्हणे, बघा, शत्रू किती कंगाल झालाय!"

ललितानं तोंडाला पदर लावला.

"विमान परत दिलं?"

"छे! पंचायतीसमोर चौथरा बांधून त्यावर बसवलंय. उद्या आमदार अनावरण करणार."

"मग आज कुठे निघालात?"

"तिथेच. पंख मोडलाय, जोडायला मलाच बोलावलंय."

"अन् तुम्ही जाताय?"

"मग? माझं विमान चारचौघांत मोडकं उभं राहू देऊ का?"