पिवळ्या टोपीतली बाई हरवलेली नसल्याबाबत

नाव: हरवल्याच्या नोंदीत लिहिले आहे तेच, त्या नोंदीत तेवढे एकच बरोबर आहे. वय: त्रेपन्न. धंदा: शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक, काचेची भांडी धुणे, मोजणे आणि फुटलेली कोणी फोडली ते शोधणे. राहणार: कायमचा पत्ता तक्रारदाराचाच. सध्या मुक्काम जुन्या बंदरामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावरची खोली, खिडकी समुद्राकडे.

मी आज शुक्रवारी सकाळी दहा वाजता आपल्या पायांनी ठाण्यात आले असून, हवालदारसाहेबांच्या टेबलासमोर बसून, पंखा लावून घेऊन, खरे तेच सांगते की,

तक्रारदार हे माझे यजमान आहेत. त्यांचे नाव मी लग्नात एकदा घेतले, त्यानंतर तशी वेळ आली नाही. म्हणून जबाबात त्यांना 'हे' म्हणावे, अशी विनंती केली. ती मान्य झाली. हे आमच्याच शाळेतून उपमुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. एकतीस वर्षे शाळेचे वेळापत्रक ह्यांनीच केले. निवृत्तीनंतर शाळा सुटली, वेळापत्रक सुटले नाही.

आम्ही चोवीस जणांच्या सहलीत हा किनारा बघायला आलो. सात दिवसांत चौदा जुनी गावे, चार किल्ले, तीन दीपगृहे आणि अकरा किनारे बघायचे होते. सहल कंपनीने प्रत्येकाला एक पिवळी टोपी दिली. डोकी मोजण्याचे काम ह्यांनी पहिल्याच तासाला आपणहून अंगावर घेतले. कंपनीचा माणूस त्या दिवसापासून निवांत आहे. हे दर थांब्याला शिट्टी वाजवत आणि टोप्या मोजत. किल्ल्याला चाळीस मिनिटे, दीपगृहाला पंधरा, किनाऱ्याला सात, असा ह्यांचा हिशेब होता. सात मिनिटांत बूट काढून परत घालणे होत नाही, असे मी सोमवारीच सांगितले. "अगं, समुद्र सगळीकडे सारखाच असतो. शिवाय वाळू बसमध्ये येते," असे हे म्हणाले. बुधवार दुपारपर्यंत मी पाच किनारे बुटांसकट पाहिले.

बुधवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी आमची बस दुसऱ्या किल्ल्याच्या वेशीबाहेर थांबली. तिथे त्याच कंपनीची दुसरी बस उभी होती. रंग तोच, टोप्या त्याच. मी बायकांच्या स्वच्छतागृहाच्या रांगेत होते. दारे दोन आणि बायका तीस असल्याने वेळ लागला. त्या अवधीत दुसऱ्या बसमधल्या एक बाई झोपेच्या तंद्रीत आमच्या बसमध्ये चढल्या, माझ्या जागेवर बसल्या आणि टोपी तोंडावर ओढून झोपल्या. ह्यांनी टोप्या मोजल्या. चोवीस भरल्या. शिट्टी वाजली, बस सुटली.

मी बाहेर आले तेव्हा एकच बस उभी होती. मी चढले. बसमधल्या घड्याळाप्रमाणे पाचव्या मिनिटाला मला कळले की बस दुसरीच आहे. मी सतराव्या मिनिटाला तसे सांगितले.

मधली बारा मिनिटे काय केले, असे हवालदारसाहेबांनी विचारले. खिडकीतून बघितले. आणखी काय, असे विचारले. आणखी काही नाही, बघितलेच.

या बसमध्ये निवृत्त परिचारिका होत्या. एकूण नऊ, एक आमच्याकडे झोपलेली असल्याने आठ. त्यांच्या प्रमुख बाईंना सगळ्या मेट्रन म्हणतात. मी चूक सांगताच मेट्रननी मला आपादमस्तक पाहिले आणि मागे वळून ओरडल्या, "अगं बायांनो, आपली घोरणारी गेली, ही बदली आलीये!" तेव्हापासून माझे नाव बदली आहे. हाक मारली की मी ओ देते.

त्यांच्या सहलीला वेळापत्रक नाही. कोणी "थांबव रे" म्हटले की चालक थांबतो. पहिल्या तासात तीनदा थांबला. तिसऱ्यांदा मीच म्हटले. तो किनारा होता. मी बूट काढले. मग मोजे काढले. मी गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले, मग लाट आली आणि तो निर्णय माझ्या हातात राहिला नाही. सगळी भिजल्यावर मी हसत होते, असे मेट्रन सांगतात. मला ते आठवत नाही. नाकात पाणी गेले होते.

गुरुवारी आम्ही घंटेच्या मनोऱ्यावर चढलो, तिथली घंटा वाजवू नये अशी पाटी वाचली आणि वाजवली. याबद्दल वेगळी तक्रार असल्यास दोरी ओढणाऱ्यांत मी होते.

मला पळवून नेले किंवा फूस लावली, हे खोटे आहे. बुधवारी संध्याकाळी मेट्रननी आमच्या कंपनीच्या माणसाला फोन करून माझा निरोप दिला, की मी सुखरूप असून रविवारी सहल संपताना बंदरावर भेटेन. माझा फोन माझ्याकडे नव्हता. बॅटरी वाचावी म्हणून तो ह्यांच्या पिशवीत बंद असतो. निरोप ऐकून हे म्हणाले, "माझी बायको असं म्हणूच शकत नाही. तिच्याकडून कोणी तरी वदवून घेतलंय." त्यावरून मेट्रनविरुद्ध तक्रार झाली.

मी नाही, हे ह्यांना बुधवारी संध्याकाळी खोल्यांच्या किल्ल्या वाटताना कळले. हे बसमध्ये पुढच्या बाकावर बसतात आणि मान न वळवता मागे माहिती देतात. परत आलेल्या परिचारिका बाई सांगतात की किल्ल्यापासून तीन तास दहा मिनिटे त्यांना तटबंदीची जाडी, दीपगृहाची उंची आणि माझ्या भावाचे दोष सांगण्यात आले. त्या अधूनमधून "हं" म्हणाल्या. ह्यांना फरक जाणवला नाही. मग ह्यांनी न बघता किल्ली मागे केली आणि ती घेणाऱ्या मनगटावर घड्याळ दिसले. मी घड्याळ घालत नाही. वेळ ह्यांच्याकडे असते. "माणूस वाईट नाही गं," असे त्या बाई मला म्हणाल्या, "मला झोप फार छान लागली."

हरवल्याच्या नोंदीतले माझे वर्णन मला वाचून दाखवण्यात आले. त्यात खालील चुका आहेत. अंगात निळे कपडे: माझ्याकडे निळे काही नाही, चार वर्षांपासून नाही. गालावर तीळ: तो माझ्या नणंदेचा. केस लांब: दिवाणखान्यातल्या फोटोत लांब आहेत. स्वभाव शांत: याबद्दल मला काही सांगायचे नाही.

काल दुपारी धक्क्यावर एका शिपायाने हे वर्णन मला वाचून दाखवून, अशी बाई पाहिली का, असे विचारले. मी नीट विचार करून नाही म्हटले. मी खोटे बोलले नाही. आज सकाळी मेट्रनना ठाण्यात बोलावल्याचे समजले, तेव्हा मी स्वतः आले.

इतके लिहून झाल्यावर हवालदारसाहेबांनी ह्यांना बाहेरच्या बाकावरून आत बोलावले. हे दोन रात्री झोपलेले दिसले नाहीत. सदऱ्याची बटणे एक घर चुकून लावलेली होती. मी ती नीट करायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"अगं, बरी आहेस ना?" असे हे म्हणाले.

"बरी आहे."

"तुझा आवाज बसलाय."

"गाणी म्हटली, अहो."

"तू?"

बाहेर पायऱ्यांवर परिचारिका बसल्या होत्या, त्यांचे हसणे ऐकू येत होते.

मग हवालदारसाहेब म्हणाले की बाई मिळाली म्हणून नोंद बंद करायची तर तिचा ताबा कोणाला तरी द्यावा लागतो, रजिस्टरात तसा रकाना आहे, रिकामा ठेवला तर वरून विचारणा होते. ह्यांनी खिशातून पेन काढून टोपण उघडले.

"मला द्या," मी म्हटले.

"काय, पेन?" असे ह्यांनी विचारले.

"ताबा. माझा मला द्या."

"ताई, असं नसतं हो. तिथं सज्ञान जवळचा नातेवाईक लागतो," हवालदारसाहेब म्हणाले.

"मी त्रेपन्न वर्षांची आहे. आणि माझ्याइतकं मला जवळचं कोण आहे?"

हवालदारसाहेबांनी नियमांचे पुस्तक काढले. पुढून चाळले, मागून चाळले. असे करता येते, असे त्यात कुठे नव्हते. करता येत नाही, असेही नव्हते. मेट्रनविरुद्धची तक्रार आधी काढली पाहिजे, असे मी म्हटले. हे म्हणाले, "काढतो. पण मग मी रविवारपर्यंत काय करू?"

हे ह्यांनी मला विचारले. एकतीस वर्षांत पुढे काय करायचे, हे ह्यांनी कोणालाच विचारले नव्हते. मी म्हटले, "ते मला माहीत नाही, अहो. तुम्हीच बघा."

ह्यांनी तक्रार मागे घेतली, रजिस्टराकडे पाहिले आणि ते फिरवून माझ्यापुढे सरकवले. पेन उघडेच ठेवले.

वरचा मजकूर हवालदारसाहेबांनी मोठ्याने वाचला, तो मी आणि ह्यांनी शेजारी बसून ऐकला. 'पळून गेली' असे एका ठिकाणी पडले होते, तिथे 'गेली' करून घेतले. बाकी सगळे मी सांगितले तसेच आहे.

मिळालेल्या व्यक्तीची स्थिती: उत्तम.
ताब्यात घेणार: स्वतः. (सही)
साक्षीदार: यजमान. (सही)