ज्याचा त्याचा वॉल्व

पाना त्यानं देल्ला? सोताच्या हातानं, तुमच्या हाती? — नाही, बसा डॉक्टरसाहेब, बसा, मी काही म्हणून नाही राहिलो, फक्त इचारून राहिलो. मार्तंड म्हंजे माहा लायना भाऊ, या भिंतीच्या पलीकडं राह्यते, — त्यानं हा पाना तुमाले देल्ला आन् म्हटलं, जा, गाडी पाहून घ्या, इकाले माही ना नाही? आन् मले काय म्हटलं? देवराव म्हटलं का दादा म्हटलं? — 'त्यायले इचारा' म्हटलं. हं. 'त्यायले'. चांगलं आहे. वाटणी झाल्यापासून मी त्याच्या घरी 'त्यायले' आहो आन् तो माह्या घरी 'तिकडचे'. मान राखून आहो आम्ही एकामेकाचा. — जिजा, चहा ठेव वं, रामटेकचे डॉक्टर आले. आन् साखर नसन तं देवकीपाशून माग. — देवकी म्हंजे त्याची बायको. हो, बायका बोलतात. भिंतीवरून वाट्या जातात, वाट्या येतात. बायकायची वाटणी कराची पंचायले आठवणच राह्यली नाही.

तं गाडी अशी आहे. फटफटी लहान आहे, अडीच हॉर्सपावरची, पण विलायती. एक इंजिनेर साहेब देशी वापस जात होता, त्याच्यापासून आमच्या बाबायनं घेतली. बाबायची संत्र्याची दलाली, खाप्याच्या आजूबाजूले कन्हानच्या काठानं बगिचे पाहत फिराव लागे — मी चालवाचो, मार्तंड मांगं बसे, नमुन्याची टोपली मांडीवर घेऊन, आन् अर्धी टोपली रस्त्यातच खाऊन साली माह्या कोटाच्या खिशात टाके. मले घरी आल्यावर समजे. आता लढाईपायी पेट्रोल कूपनवर गेलं. तुमचं बरं आहे, डॉक्टराले सरकार कूपन देते, रोगी मरू नाही म्हणून. दलालाले कोण देते? संत्रं सडलं तं सडलं. — हे पाहा, झाकण काढलं. हातानंच निघते. इंजिनाले हात लावा, थंडं आहे ना? थंडंच पाहिजे. गरम असलं का लोखंड फुगते आन् माप खोटं येते, म्हणून हे काम सकाळीच करा लागते, ऊन चढाच्या आंधी. हे दोन वॉल्व. हा इनलेट, हवा-पेट्रोल आत घेते. हा एग्झॉस्ट, धूर भायेर टाकते. वरतं हा नट, आन् खाली एवढीशी फट ठेवाची, ही लोखंडाची पात अडकत अडकत जाईन एवढीच. फट जास्त झाली का वॉल्व टिकटिक वाजते. कमी झाली का वाजत नाही, जळते. वाजणाऱ्याचं भेव नाही डॉक्टरसाहेब, मुका झाला का समजाचं गेला. तुमाले काय सांगाव, तुमचे रोगी बी तसेच असतीन.

कोणता कोणाचा? म्हंजे तेही सांगतलं त्यानं तुमाले. हासू नका. इनलेट माहा, एग्झॉस्ट त्याचा. पंचायनं ठरवलं आहे, गंमत नाही. भांडण झालं पोळ्याले. आमच्या बंडीची बैलजोडी एक, भाऊ दोन, तोरणाखालून नेताना कासरा धराचा कोणी? बाबा होते तवा बाबा धरत. ते गेले त्याच साली पोळा आला, मी म्हटलं मोठा मी, तो म्हणे वर्षभर चारापाणी कोण करते, — आन् साऱ्या महाल मोहल्ल्याच्या लोकायदेखत आम्ही दोघायनं असा कासरा ओढला का बैल खाली बसले. बैल शहाणे होते. मंग वाटणी. वामनराव पंच. घरात भिंत घातली, भांडे वाटले, बैल एक-एक देल्ला. आता एका बैलाचं काय करता? त्यानं इकला, म्या बी इकला, एकाच बाजारात, आन् घेणारा बी एकच निघाला. जोडी जुळवून नेली त्यानं आमच्या डोळ्यादेखत. — राह्यली गाडी. वामनराव म्हणे इका आन् पैसे वाटून घ्या. दोघायनं बी नाही म्हटलं. तेवढ्यापुरतं आमचं एकमत होतं. मंग म्हणे, आठ आणे याची, आठ आणे त्याची. पण आठ आणे कुठून कुठवर? पुढचं चाक याचं आन् मांगचं त्याचं? कोणी तरी सांगतलं का इंजिनात वॉल्व दोन असतात. म्हातारा खुश झाला. 'घ्या गा मंग एक-एक.' मोठा म्हणून पह्यले मले इचारलं, म्या आत घेणारा घेतला. भायेर टाकणारा त्याच्या वाट्याले गेला, त्याचाही त्याले राग आहे. आन् अवजारं बी दोनच होते, — पाना त्याले, पात मले.

आता समजा. पाना आहे तं पात नाही, पात आहे तं पाना नाही. म्हणून दर रविवारी सकाळी तो या बोळात येते, बोळ सामाईक आहे. तो तिकडून बसते, मी इकडून, गाडी मंधात. तो आपला नट सोडते, पाना सीटवर ठेवते. मी पाना उचलतो, पात सीटवर ठेवतो. तो पात उचलते. — बोलणं? बोलाचं काय काम आहे त्याच्यात? एकडाव पाना सटकून त्याच्या बोटाले लागलं, रक्त आलं, तवा म्या जिजाले आवाज देल्ला का हळद आण वं, कोणाले तरी लागलं. 'कोणाले तरी' म्हटलं. तोल सांभाळा लागते ना. मंग शिशीतलं थोडंसं पेट्रोल टाकतो, एक कीक मारतो, आन् दोघंबी कान देऊन ऐकतो. टिकटिक नाही. तो पाना घेऊन जाते, मी पात घेऊन येतो. झाला रविवार.

चालली किती? चालली म्हंजे — दसऱ्याले पूजेसाठी दारापर्यंत ढकलत नेली होती. मंग वॉल्व ढिले कायचे होतात? बरा सवाल इचारला, डॉक्टर आहा. लोखंड आहे साहेब, नागपूरचं ऊन, रातचा गारवा, फुगते, आकसते. माहा इनलेट बी पाहा ना, म्या पक्का कसून ठेवतो, आन् रविवारी पाह्यतो तं ढिला. दर रविवारी. विलायती पेच आता पह्यल्यासारखे नाही राह्यले. — ते? त्याच्या नटावरचे ओरखडे? उंदीर असन. महालात उंदीर लय. — लोखंड नाही खात, बरोबर आहे तुमचं. पक्कडीचे दिसतात? असतीन पक्कडीचे. पक्कडीनं नट सोडाचा म्हंजे लय जोर लागते, घसरते, दोनदा तं माहं नख — म्हंजे लागत असन जोर, ज्यानं केलं त्याले. माह्या बोटाकडं नका पाहू डॉक्टरसाहेब. बरं, समजा केलंच एखाद्यानं. समजा त्याच्यापाशी पाना नाही, आन् वॉल्व वाजला नाही तं रविवारी कोणी येणार नाही, — तं काय करन तो? दुपारी सारे झोपले का पक्कड घेऊन बसन. वॉल्व दुसऱ्याचा आहे, मान्य. पण नुकसान काय झालं? एक टिकटिक होते फक्त.

जाऊ द्या. आता तो सवालच मिटला. त्यानं पाना देऊन टाकला. पाना देल्ला म्हंजे रविवारच देऊन टाकला ना. मले वाईट नाही वाटलं. — वाटलं. खोटं काहून बोलू, वाटलं वाईट. गुरुवारीच जिजा म्हणाली का देवकी सांगत होती, रामटेकचं गिऱ्हाईक आलं आन् तिकडचे हो म्हणाले. म्या म्हटलं, म्हणू दे. त्याची ना नाही तं माही काहून असन? मोठ्यानं लायन्याच्या मांगं मांगं फिराचं का? न्या गाडी. जरा कीक दाबा तुम्ही, हळू, नाडी पाह्यता तशी, — हं, बास. दोन्ही वॉल्व बंद झाले. तो पाना द्या इकडं, एकडाव माहा पाहून देतो, म्हंजे माह्या बाजूनं तुमाले खोट नको. तसा तो बरोबरच आहे. शुक्रवारी झाकण काढलं तवा — कायले काढलं ते नका इचारू, आता माहीत झालं तुमाले — तवा म्हटलं गिऱ्हाईक येऊन राहिलं, आपलाही पाहून घ्या, म्हणून पात घालून पाह्यली होती. अशी बरोबर अडकून जात होती. हे पाहा —

थांबा.

ढिला आहे. पात कायची, बंदा रुपया जाईन मंधातून. शुक्रवारी बरोबर होता, म्या सोता पाह्यला. गाडी जागची हालली नाही. आन् नटावर एक ओरखडा नाही, कसा साफ सुटला आहे पाहा. पक्कडीनं असा सुटत नाही, मले इचारा. हा पान्यानं सोडला. पाना तुमच्या हाती त्यानं कवा देल्ला डॉक्टरसाहेब? — आज सकाळी.

म्हंजे गुरुवारी तुमाले हो म्हटलं, आन् त्याच्यानंतर, काल मी बाजारात असताना, इथं येऊन बसला. आन् मांगच्या रविवारी बी माहा ढिलाच होता, त्याच्या मांगच्या बी. मी विलायती लोखंडाले शिव्या देऊन राहिलो आन् तो समोर मान खाली घालून ऐकून राहिला. मले वाटे मान खाली घालते म्हंजे अजून राग आहे. — आन् हे माह्ये ओरखडे? हे तं तो दर रविवारी पाहून राहिला असन. त्याच्याच नटावर, त्याच्याच नाकासमोर. एका शब्दानं बोलला नाही. लहानपणापासून तसाच आहे, खिशात साल टाकन आन् आभाळाकडं पाहत बसन. मले वाटे का मीच त्याची वाट पाहून राहिलो डॉक्टरसाहेब. मी एकटाच.

नाही, डोळ्यात काही नाही गेलं. ऑईल असन. — चहा? घ्या ना चहा, पण तिकडं घ्या, मार्तंडाकडं. साखर तशीही तिकडचीच आहे. गाडी? गाडी इकाची नाही. तुमचा फुकटचा फेरा झाला, माफ करा, पण नाही इकाची. आन् हा पाना धरा. त्याले वापस द्या. म्हणा देवराव म्हणते — नाही, 'दादा म्हणते' म्हणा — इनलेट ढिला झाला, पाना पाहिजे, घेऊन ये गा. — अहो, मले दिसते ना पाना माह्या हातात आहे ते. म्हणून तं वापस देऊन राहिलो. माह्याच हातात राह्यला तं तो कायले येईन इकडं? जा. लवकर जा डॉक्टरसाहेब, ऊन चढलं का इंजिन तापते, मंग माप येत नाही.